चौथ्या पंजाखाली

खवलेल्या नारळाची म्हणून आत्मारामांनी फ्रीझरमधून जी पिशवी ओढली, तिला कान होता. तो आधी बोटांना कळला, डोळ्यांना नंतर. प्लास्टिकच्या आत काहीतरी दुमडलेलं, टोकदार, केसाळ. केसांवर बर्फाचा चुरा बसलेला. पिशवी जरा वळवली तर एक दात दिसला, आणि दाताच्या वर ओठ इतका मागे ओढला गेलेला की ते जे काही होतं ते हसत असल्यासारखं वाटलं. ते ओरडले नाहीत. ओरडणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. पिशवी होती तशी पुरणाच्या डब्यावर ठेवून त्यांनी ड्रॉवर ढकलला, बेसिनपाशी गेले, साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले. बोटांच्या टोकांवर तो कान होताच.

"मिळाला का नारळ, बाबा?" ईप्सितानं, त्यांच्या सुनेनं, गॅसपाशी उभ्याउभ्या विचारलं.

"आत जनावर आहे," ते म्हणाले.

"अय्या, तो कोल्हा! अहो, सांगायचंच राहिलं तुम्हाला. अवनीचा आहे. अकादमीतला फ्रीझर भरला म्हणे. तिला म्हटलं होतं सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये ठेव, तर ठेवलाय पुरणावर. हिला ना, कुठे काय ठेवावं काही कळत नाही."

"हवाबंद पिशवी आहे बाबा, काही होत नाही," बाहेरच्या खोलीतून प्रणव म्हणाला. त्यानं लॅपटॉपवर भारतातल्या निवडणुकीच्या सभा लावल्या होत्या आणि आवाज कमी न करताच तो बोलला. आत्मारामांच्या या मुलाला लहानपणी पाल दिसली तरी जेवण जात नसे. म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममध्ये सतरा वर्षं नोकरी करून तो असा हवाबंद झाला होता.

म्हणजे अवनीचा शरभ कातड्याचा होता तर. गेल्या वर्षी नातीनं फोनवर आपल्या तुटक्या मराठीत, निम्म्याहून जास्त जर्मन घालून, त्यांच्याकडे ते चित्र मागितलं होतं. सिंहाचं धड, पक्ष्याचे पंख, पंजाखाली हत्ती: महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर असतो तो शरभ. तिला म्युनिकच्या कला-अकादमीत वर्षाच्या प्रदर्शनासाठी काहीतरी करायचं होतं, आणि आपल्या आबांनी कधीतरी एका शरभाचा ठसा घेतला होता एवढं तिला आठवत होतं. आत्माराम इतके हरखून गेले होते की स्कॅन तेव्हाच पाठवूनही मूळ ठशाची गुंडाळी प्लास्टिकच्या नळीत घालून विमानात मांडीवर धरून घेऊन आले. आठवडाभर तरी झोपताना ते मनात बघत होते: अवनी मोठ्या कॅनव्हाससमोर उभी आहे, किंवा तिचे हात मातीनं भरले आहेत. कोल्हा त्यांच्या मनात आला नव्हता. आपल्याला जे सुचत नाही तेच नेमकं जगात घडतं, हा त्यांचा जुना अनुभव होता आणि त्याचा दोष ते नेहमी स्वतःकडेच घेत.

दुपारी अवनी त्यांना तळघरात घेऊन गेली. इमारतीतल्या प्रत्येक घराला तिथे जाळीच्या दाराची एकेक कोठडी होती. शेजाऱ्यांच्या कोठड्यांत सायकली, बर्फावरच्या घसरगाड्या, बाटल्यांचे क्रेट. यांच्या कोठडीत तो होता. आधी वास आला. मिठाचा, ओल्या लोकरीचा, आणि या दोन्हींच्या खाली दबलेला गोडसर असा एक तिसरा. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी त्या वासाबद्दल चिठ्ठी लावली होती. "इतकी वर्षं माझ्या फोडणीला नाक मुरडलं हिनं," ईप्सिता सकाळी म्हणाली होती, "आता म्हणावं घे, हा अस्सल जर्मन वास आहे." रानडुकराचं धड, एका शिकाऱ्यानं दिलेलं. हंसाचे दोन पंख. मानेपाशी कोल्ह्याचं तोंड बसायचं होतं, तिथे सध्या लाकडाच्या भुशाचा गोळा दोऱ्यानं करकचून बांधलेला. पुढच्या उजव्या आणि मागच्या दोन्ही पंजांखाली एकेक ससा, आणि सशांच्या नाकांच्या जागी सोंडा. काळपट, निमुळत्या, ओलसर दिसणाऱ्या.

"सोंड कशाची?" त्यांनी विचारलं, आणि विचारल्याचा लगेच पश्चात्ताप झाला.

"आल. मासा. असा लांब." तिनं हातांनी दाखवलं. "त्याची हाउट, कातडी. सुपर ना? ग्लू नको, सगळं शिवलंय. मला नाट दिसायला पाहिजे, आबा. टाके. लोकांनी बघायला पाहिजे की हे जोडलंय."

टाके दिसतच होते. डुकराच्या राठ केसांत पांढरा दोरा, हंसाच्या पिसांच्या मुळाशी दोरा, सशाच्या गालावर दोरा. आत्मारामांनी जाळीला धरलं. गावाबाहेरच्या एका खानावळीत प्रणवनं त्यांना इथला जुना प्रकार दाखवला होता: भिंतीवर ससा, त्याला हरणाची शिंगं आणि तितराचे पंख, वोल्पर्टिंगर म्हणतात त्याला, आणि बिअर पिणारे लोक परक्या माणसाला तो खरा आहे असं सांगून हसतात. तो बघताना एवढं काही वाटलं नव्हतं. त्याच्यावर धूळ होती, तो कुणाचाच नव्हता. हा नातीनं केला होता. वीस वर्षांच्या मुलीच्या नखांत सुकलेलं काळं होतं आणि ती त्याच हातानं केस मागे सारत होती.

"आपला गणपती तरी काय आहे मग, बाबा?" रात्रीच्या जेवणाला त्यांनी न जेवताच ताट पुढे सरकवलं तेव्हा प्रणव म्हणाला. उत्तर त्यांना अंथरुणावर पडल्यावर सुचलं, नेहमीसारखं उशिरा. गणपतीच्या मानेवर कोणी टाका दाखवत नाही. दगडातला सिंह आणि दगडातला पक्षी एकाच दगडाचे असतात. पाथरवट कशाला काही जोडत नाही, तो फक्त नको तेवढं काढतो. म्हणून शरभ बघताना किळस येत नाही, मान आपोआप वर जाते. कातड्याचं तसं नाही. प्रत्येक तुकडा आधी कोणीतरी होता. हे वाक्य त्यांना बरं वाटलं. मग मनात आलं की हे आपण बोलतोय. आपण. आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

कारण तळघरात अवनी शेवटी म्हणाली होती, "आणि इथे," पुढच्या डाव्या पंजाकडे बोट दाखवून, जिथे अजून काही नव्हतं, "इथे तुझं ते चौथं. मला मिळालं, आबा! उद्या दाखवते."

चौथं. आंबेखिंडीच्या किल्ल्याचा दरवाजा. चैत्राचं ऊन, शिडी खालून धरून उभी असलेली त्यांची बायको शुभदा, आणि शिडीच्या टोकाशी, दगडावर पातळ कागद धरून कोळशाची कांडी फिरवणारे ते. कॉलेजचे ग्रंथपाल, रविवारचे संशोधक. वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली की शरभ कागदावर हळूहळू उमटायचा, जणू दगडातून घाम सुटावा तसा. पंख उमटले, जबडा उमटला, तीन पंजे आणि तीन हत्ती. चौथ्या पंजावर मधमाश्यांचं पोळं होतं. त्यांनी कागद सरकवला आणि पोळं हललं. खाली उतरेपर्यंत कपाळावर, कानावर, मनगटावर मिळून नऊ डंख. शुभदा चुना लावत म्हणाली होती, "तीन काय थोडे झाले? राहू दे की चौथा." राहू दिला असता. पण त्रैमासिकाच्या संपादकांचं कार्ड आलं होतं: लेख स्वीकारला आहे, चित्र मात्र पूर्ण पाठवावे. पूर्ण. ज्याचं एकही अक्षर तोवर छापून आलं नव्हतं, त्याला या शब्दानं पंधरा दिवस झोप लागू दिली नाही. अपुरं चित्र पाठवलं तर लेख परत येईल, परत आला तर आपण मुळातच त्या लायकीचे नव्हतो हे सिद्ध होईल. टेबलाच्या खणात इतर ठिकाणचे ठसे होते. एका देवळाच्या पायरीवरचा मेंढा, अंगावर लोकरीचे कुरळे वेटोळे असलेला, पण डोकं फुटलेला. एका वीरगळावरची बोकडाची मान, दाढीसकट. त्यांनी दोन्ही कातरले. शुभदेनं मैद्याची खळ करून दिली. "कशाला हवी?" तिनं विचारलं. "फाटलंय जरासं," ते म्हणाले. लेख छापून आला आणि लोकांना तीन हत्तींत काही रस नव्हता. सगळ्यांना चौथं जनावर हवं होतं. मेंढा की बोकड? चौदा पत्रं आली. कोणी म्हणालं, हे हरलेल्या एका धनगर सरदाराचं चिन्ह. एका मोठ्या विद्वानांनी आपल्या ग्रंथाच्या तळटीपेत त्यांचं नाव घेतलं. आणि तिसऱ्या पावसाळ्यात दरवाजाचा तो भाग ढासळला, पोळ्यासकट. आता जगात त्या शरभाचं एकच चित्र होतं. आत्मारामांनी त्यानंतर काही लिहिलं नाही. लोक म्हणत, काय नम्र माणूस आहे.

रविवारी अवनीनं त्यांना गाडीत घातलं. शेतं अजून भुरकट होती, नांगरटीत बर्फाचे चिरे. हेर श्टाडलर नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात शिरताना त्यांनी रुमाल नाकाशी धरला आणि लगेच काढला, कारण तो माणूस बघत होता आणि त्याचं तोंड चांगलं होतं. कोपऱ्यात, पेंढ्यावर, तांबड्या दिव्याच्या उबेत ते उभं होतं. अवनीनं समजावलं: मेंढा कुंपण मोडून शेळ्यांत शिरला, बाकी शेळ्यांना काही झालं नाही, एकीला हे झालं. इथे शीग म्हणतात. बहुतेक मेलेलीच जन्मतात. हे बारा दिवस जगलंय.

अंगावर कुरळे वेटोळे. पुढे शेळीचं लांबट तोंड, हनुवटीखाली दाढी येईल अशी लोंबती कातडी. लोकर आणि केस यांच्यात कुठेही सांधा नव्हता. मानेपाशी एक दुसऱ्यात विरघळत होतं, आणि त्या विरघळण्याकडेच बघवेना. टाके असते तर बरं झालं असतं असं त्यांना वाटून गेलं. तेहेतीस वर्षांपूर्वी दिवाणखान्यातल्या टेबलावर कात्रीनं केलेलं जनावर इथे पेंढ्यात उभं होतं, मागचे पाय जरा वाकडे, आणि श्वास घेत होतं. आपलं खोटं कुठेतरी इतकी वर्षं पोसत राहिलं आणि आज व्यालं, असा एक ओंगळ विचार त्यांच्या मनात आला. ते मागे सरणार तोच पिल्लानं पुढे येऊन त्यांचं बोट तोंडात घेतलं. गरम. टाळूच्या कडक वळ्या, खालून खरखरीत जीभ, आणि एक ओढ, थेट कोपरापर्यंत जाणवणारी. आंबूस दुधाचा वास. त्यांना ओकारी येत होती आणि बोट काढून घेता येत नव्हतं.

"आवडलात तुम्ही त्याला," शेतकरी म्हणाला. अवनीनं मराठीत सांगितलं. मग तो आणखी बोलला, खांदे उडवून, आणि तीही तसेच खांदे उडवत सांगत गेली. याच्यापासून पैदास होणार नाही. बायको बाटलीनं पाजते, तिला लळा लागलाय. हवं असेल तर गुरुवारपर्यंत सांगा, ईस्टरच्या कोकरांबरोबर कापीन. मांस माझं, बाकी तुमचं. नको असेल तर राहील इथेच, हिंडेल जितके दिवस हिंडतंय तितके.

"वजन पण बरोबर आहे," अवनी म्हणाली. "सशांएवढंच."

परत येताना ती गाणं गुणगुणत होती. आत्मारामांनी बोट खिशात रुमालात गुंडाळून ठेवलं होतं, जखम झाल्यासारखं. सोमवार गेला, मंगळवार गेला. ते पुस्तक उघडून बसत आणि पान उलटत नसत. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझ्या आबांनी एकदा फसवलं, ते चित्र नासकं आहे, त्यावर उभं केलेलं सगळं नासकं आहे. या पोरीनं घरात मराठी बोलायची लाज वाटण्याच्या वयात त्यांच्या कामाला हात लावला होता. मुलानं कधी लावला नाही, कोणीच लावला नाही. तिच्या वहीत त्यांच्या ठशाची छापील प्रत चिकटवलेली होती आणि खाली लिहिलं होतं: माझे आजोबा, संशोधक. तो शब्द तिनं देवनागरीत लिहिला होता, 'ध' उलटा काढून. आणि न सांगायचं म्हणजे गोठ्यातल्या त्या ओढणाऱ्या तोंडात सुरा घालायचा, दगडात कधीच नसलेल्या एका जनावरापायी. ते स्वतःशी म्हणत, मी मांस खात नाही. मग म्हणत, किती सोयीचं.

गुरुवारी सकाळी ते नळी घेऊन तळघरात उतरले. कोल्ह्याचं डोकं आता बसलं होतं. एका डोळ्यात काच, दुसरी खोबण रिकामी. अवनी टेबलापाशी फोन चार्जिंगला लावत होती. ठसा त्यांनी टेबलावर पसरला, कड उचलून खालून तिचा दिवा धरला आणि म्हणाले, "बघ."

उजेड कागदातून आला आणि चौथ्या पंजापाशी अडला. तिथे कागद दुहेरी होता. मानेपाशी तिहेरी. कडांना खळीची पिवळट रेघ.

"हे चिकटवलंय," अवनी म्हणाली. "स्कॅनमध्ये दिसलं नाही हे."

"तिथे मधमाश्या होत्या," ते म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं, खाली बघत, ग्रंथालयात दंड भरायला आलेल्या विद्यार्थ्यासारखं. डंख, कार्ड, कात्री, खळ. ढासळलेला दरवाजा. "तिथे काय होतं ते मला माहीत नाही. कुणालाच नाही. बहुतेक हत्तीच असेल. म्हणून ते पिल्लू नको, अवनी. त्याला काही अर्थ नाही. मी खोटं केलं."

तिनं बराच वेळ कागद सोडला नाही. मग मान वर केली तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

"आबा! गेनियाल!"

"काय?"

"तीन हत्ती त्या पाथरवाल्याचे. तू कॉपी केलेस. पण हे तुझं! तू जोडलंस. आल्झो, माझ्या आधी तू केलंस, तेहेतीस वर्षं आधी, आणि कुणाला बोलला नाहीस? मी हा कागदच लावणार. दिव्यासकट. लोकांना टाके दिसू देत. तू तर आर्टिस्ट आहेस, आबा!"

आणि त्यांना बरं वाटलं. हीच ती गोष्ट होती, जी त्यांनी पुढे कोणालाही सांगितली नसती. छातीत काहीतरी उबदार पसरलं, गळ्यापर्यंत आलं; कोणीतरी अखेर वाहवा म्हटलं होतं, आणि नेमकं त्याच गोष्टीला म्हटलं होतं. चौदा पत्रांनी जे वाटलं नव्हतं ते वाटलं. त्यांचे ओठ हसण्यासाठी मागे गेले. समोर कोल्ह्याचेही गेलेले होते. किती वेळ गेला कोण जाणे. तोवर तिनं फोन उचलला होता.

"मग ते पिल्लू तर पाहिजेच," ती नंबर शोधत म्हणाली.

"अगं, ते जिवंत आहे."

"आबा, तो नाही तरी कधीतरी कापणारच."

"हिंडू देईन म्हणाला तो. तूच सांगितलंस मला."

"वाकडे पाय घेऊन? किती दिवस?"

"जितके दिवस हिंडतंय तितके."

"तूच तर दोन जनावरं कापलीस ना?" तिनं हसत विचारलं; टोमणा नव्हता तो, कौतुकच होतं. पलीकडे घंटा वाजायला लागली होती, तिनं फोन कानाला लावला.

दोन कागद कापले होते, ते म्हणणार होते. पण बोलणं त्यांच्या तोंडी कधी वेळेवर आलं नव्हतं. त्यांनी तर्जनी तोंडात घातली, ओली केली, आणि चौथ्या पंजाखाली कडेवर घासली. खळ जुनी होती, ओल लागताच फुगली. तिचा आंबट वास आला, शिळ्या कणकेचा. ते नखानं उचलत गेले. "हालो?" फोनमधून आवाज आला. "नाइन! नको आबा, नाइन, काय करतोस!" अवनीनं त्यांचं मनगट धरलं, तिच्या बोटांना मिठाचा आणि चामड्याचा वास होता, ते शिसारलेच, पण त्यांनी हात ओढला, आणि बोकडाची मान, मागोमाग मेंढ्याचं अंग, एका लांब ओल्या सालीसारखं निघून आलं. खाली कोळसा कधी लागलाच नव्हता. कोरा, पिवळा, खडबडीत कागद होता. पंजा कशावर टेकला होता ते दिसत नव्हतं.

"हालो? हालो?" शेतकरी म्हणत होता. मागे कुठेतरी बें ऐकू आलं, कोणाचं ते कळण्यासारखं नव्हतं.

अवनी त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली. तिचा चेहरा आधी लहान मुलीसारखा झाला, रडण्याच्या बेताला आलेला, आणि मग एकदम मोठा झाला; त्यात आत्मारामांना शुभदा दिसली नाही, प्रणव दिसला नाही, ओळखीचं कोणीच दिसलं नाही. मग ती फोनमध्ये, संथपणे, जर्मनमध्ये बोलली. त्यांना त्यातलं नाइन, म्हणजे नाही, तेवढं समजलं. ते ती दोनदा म्हणाली, आणि फोन उलटा ठेवला.

"माझं काम होतं ते," ती म्हणाली. स्वच्छ मराठीत.

"हो," आत्माराम म्हणाले.

ती जिना चढून गेली. त्यांनी हातातला तुकडा टेबलावर ठेवायला बोट झटकलं. तो पडला नाही. थुंकीनं खळ जिवंत झाली होती. दाढी आणि लोकर एकमेकांत गुरफटून बोटाला बिलगली होती. त्यांनी अंगठ्यानं ढकललं तर ते अंगठ्यावर आलं. अंगठा टेबलाच्या कडेला घासला, विजारीला घासला. आता कागद राहिला नव्हता, काळा ओला लगदा होता, दोन बोटांच्या मधे वळत चाललेला, मऊ, कोमट, आणि ते घासत राहिले, एकदा या हातानं, एकदा त्या.